फॉइल सर्फिंगची लीश: कशी निवडायची आणि आपल्या बोर्डला कशी जुळवून घ्यायची

नवीन फॉइल, म्हणजे बोर्डच्या खाली खांबावर बसवलेले, वेग आला की बोर्डला पाण्याबाहेर उचलणारे पंख, घेतलं की सगळं डोकं फ्रंट विंग (पुढचा पंख) किती मोठी, मास्ट (तो खांब) किती लांब, बोर्ड किती लिटरचा ह्यातच अडकतं आणि लीश, म्हणजे बोर्ड अंगाला बांधून ठेवणारी दोरी, म्हणून जुन्या सर्फबोर्डची पडलेली असते तीच बांधली जाते. मीपण तेच केलं होतं. तिसरं का चौथं सेशन होतं, लाट जेमतेम गुडघ्याएवढी, मी मागे पडलो, बोर्ड पुढे पळाला, ती जुनी ५ फुटी सरळ लीश पूर्ण ताणली गेली आणि मी पाण्याबाहेर डोकं काढतोय तोवर बोर्ड शेपटीकडून परत आला. मांडीवरचा वेटसूट वीतभर फाटला, आत कातडीवर लाल रेघ उमटली. स्टॅबिलायझरचं, म्हणजे फॉइलच्या मागच्या छोट्या पंखाचं, टोक घासून गेलं होतं. वेटसूटची ती ३ मिलिमीटर जाडी नसती तर टाकेच पडले असते. तेव्हापासून कोणी नवीन माणूस फॉइल घेऊन आला की मी आधी त्याची लीश बघतो, बाकी सगळं नंतर.

साध्या बोर्डला लीश कशासाठी असते, तर बोर्ड वाहून जाऊ नये, पोहत जाऊन आणावा लागू नये, दुसऱ्याला लागू नये. फॉइलला हे सगळं आहेच, पण इथे बोर्डच्या खाली पाऊण मीटरवर धारदार कडांचे दोन पंख लटकलेले असतात आणि लीश ताणली की तेच पंख तुमच्याकडे ओढले जातात. त्यामुळे लीश बघताना एकच प्रश्न मनात धरा: मी पडलो, लीश पूर्ण ताणली, मग सैल पडली, त्या क्षणी फॉइल माझ्यापासून किती लांब असेल? लांबी, जाडी, सरळ का कॉइल (स्प्रिंगसारख्या वळ्यांची), पायाला का कमरेला, सगळ्याची उत्तरं ह्या प्रश्नातूनच निघतात.

मग चांगली लांबलचक लीश घेतली की झालं काम, असं वाटेल. तिथे दुसरी अडचण येते. फॉइलवर उठलात की बोर्ड हवेत असतो पण लीश मागे पाण्यात लोंबत असते, आणि यूरेथेन, म्हणजे ज्या प्लास्टिकची लीश बनते ते, पाण्यापेक्षा थोडं जड असतं त्यामुळे ती वर तरंगत नाही, हळूहळू खाली बसते. वेग दुप्पट झाला की पाण्याची ओढ साधारण चौपट होते, त्यामुळे पॅडल करताना जी लीश जाणवतही नाही तीच फॉइलवर कोणीतरी मागून पाय धरल्यासारखी ओढते. आणि सैल लीश खाली बसता बसता स्टॅबिलायझरला किंवा मास्टला वेढा घालते ते वेगळंच. म्हणजे आखूड घेतली तर फॉइल अंगावर, लांब घेतली तर ओढ आणि गुंता. पुढे जे काही सांगतोय ते सगळं ह्या दोन टोकांच्या मधली जागा शोधण्यासाठी आहे.

आधी टेप घ्या आणि मोजा

दुकानात "तुमच्या बोर्डएवढी लीश घ्या" असं सांगतात, सर्फबोर्डसाठी ते ठीकच आहे, पण फॉइलचे बोर्ड इतके आखूड झालेत की नुसत्या त्या नियमावर राहू नका. फॉइल लावा, बोर्ड गवतावर नाहीतर जुन्या चादरीवर उलटा ठेवा म्हणजे फॉइल आकाशाकडे, आणि लीश प्लगपासून (बोर्डवर लीश बांधायची खाच) तीन अंतरं मोजा: प्लग ते बोर्डचं नाक, प्लग ते फ्रंट विंगचं सगळ्यात लांबचं टोक, आणि प्लग ते स्टॅबिलायझरचं टोक. तिसरं माप लोक विसरतात. लहान बोर्डला मास्ट शेपटीच्या बराच जवळ असतो, फ्युजलाज (दोन्ही पंखांना जोडणारी दांडी) लांब असलं तर स्टॅबिलायझर प्लगच्याही मागे निघतो, माझ्या सेटअपला तो प्लगच्या १० सेंटीमीटर मागे येतो. म्हणजे लीशने शेपटी ओढली की सगळ्यात आधी माझ्याकडे येणारी वस्तू बोर्ड नसतो, स्टॅबिलायझर असतो. हे एकदा उलट्या बोर्डवर डोळ्यांनी बघितलं की परत सांगावं लागत नाही.

आता तीनपैकी जे माप मोठं त्यात कमीत कमी फूटभर मिळवा. उदाहरणार्थ, बोर्ड ४ फूट ८ इंच, मास्ट ७५ सेंटीमीटर. प्लग ते नाक साधारण १३५ सेंटीमीटर भरतं, प्लग ते फ्रंट विंगचं टोक साधारण १०३. मोठं १३५, त्यात ३० मिळवले की १६५, म्हणजे साडेपाच फुटाला थोडं कमी. ५ फुटी लीश १५२ सेंटीमीटरची, ती कमी पडते, म्हणून ६ फुटी घ्यायची. माझी जुनी ५ फुटी लीश ह्याच हिशोबात नापास झाली असती, मोजलंच नव्हतं.

हे सगळं लीश ताण नसताना. ताणल्यावर ती आणखी लांबते, पण ती वाढलेली लांबी तुमची नाही, कारण तेवढंच अंतर ती परत खेचून घेणार आहे.

कुठे चालवणार त्यावर सरळ का कॉइल

प्रोन फॉइल, म्हणजे पोटावर पॅडल करत लाट पकडायची असेल आणि लाटा फुटणाऱ्या असतील, तर सरळ लीश, ५ ते ६ फूट, पोटरीला नाहीतर घोट्याला. फुटलेल्या लाटेत फॉइल पाण्याला घट्ट धरून बसतं, बोर्ड लाटेबरोबर जातो आणि लीशवर अचानक मोठा झटका येतो, अशा वेळी कॉइल पूर्ण उलगडते आणि स्प्रिंगसारखी परत येते. सरळ लीशपण परत येते, पण तिच्यात तो जास्तीचा स्प्रिंग नाही. ओढ थोडी जास्त सहन करावी लागते आणि लाटांमध्ये ती मी आनंदाने सहन करतो.

विंग फॉइल, म्हणजे हातात विंग धरून वाऱ्यावर, किंवा न फुटणाऱ्या पाण्यावर लांब डाऊनविंड रन (वाऱ्याच्या दिशेने जाणं), तिथे कॉइल लीश फार सोयीची. वळ्या मिटलेल्या असतात, पाण्याला लागतच नाही, पायाखाली येत नाही, मास्टला वेढा घालत नाही. मधला भाग कॉइल आणि दोन्ही टोकं सरळ अशीही लीश मिळते, नवशिक्याला विंगसाठी मी तीच सांगतो कारण कफजवळचा (पायाला बांधायच्या पट्ट्याजवळचा) सरळ भाग पायाबरोबर नीट हलतो आणि वळ्या पोटरीत रुतत नाहीत.

सप फॉइल म्हणजे उभं राहून वल्हवायचं, बोर्ड मोठा, त्यामुळे ८ फुटाच्या आसपास, आणि लाटांमध्ये सरळ, मोकळ्या पाण्यात कॉइल हाच नियम. जेटस्कीमागे टो करत असाल तर बोर्ड उचलून आणायला ड्रायव्हर असतो, लीश लावायची का नाही ते पाण्यात उतरायच्या आधी त्याच्याशी बोलून ठरवा. धक्क्यावरून उडी मारून पंप फॉइल, म्हणजे पायांनी बोर्ड वरखाली दाबत पुढे जाणं, करणारे बरेच जण लीश लावत नाहीत, धावताना ती पायात येते आणि सपाट पाण्यात बोर्ड पडतो तिथेच राहतो. पण हे आसपास पोहणारं कोणी नसेल तरच. सुटलेला बोर्ड लाटेवर किंवा वाऱ्यावर दुसऱ्याच्या अंगावर गेला तर त्याला काय लागणार ते तुम्हाला फॉइल पुसताना रोज हाताला जाणवतं.

जाडीचं थोडक्यात सांगतो. पातळ लीश ५ ते साडेपाच मिलिमीटरची, मधली ६ ते ७, मोठ्या लाटांची ८. पातळ असली की ओढ कमी, म्हणून फॉइलवाले तिकडे झुकतात. नवीन माणसाने ६ च्या खाली जाऊ नये असं माझं मत, कारण सुरुवातीला पडणं खूप, प्रत्येक पडण्यात लीश फॉइलच्या कडेला घासायची शक्यता आणि पातळ लीशला एक चीर पडली की तिच्यात उरतंच काय. पडणं कमी झालं की मग पातळ घ्या.

घोटा, पोटरी का कंबर

लीश मागच्या पायाला, हे सर्फिंगसारखंच. डावा पाय पुढे असेल तर उजव्याला, उजवा पुढे असेल तर डाव्याला. स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारा फिरता जोड) आणि दोरी पायाच्या मागच्या, थोड्या बाहेरच्या बाजूला यायला हवी, आतल्या बाजूला आली की दुसऱ्या पायाखाली येणारच.

घोट्याचा कफ साधा आणि स्वस्त, पण फॉइल बोर्ड लहान, पाय जवळजवळ, त्यामुळे दोरीवर पाय पडतो. पोटरीचा कफ गुडघ्याच्या खाली बसतो, दोरी वर राहते, पाण्याला कमी लागते. विंग फॉइल शिकताना सुरुवात गुडघ्यावर बसून होते, तेव्हा पोटरीच्या लीशची एक कटकट म्हणजे वळ्या गुडघ्याखाली दबतात आणि उभं राहताना पाय उचललाच जात नाही, तुम्हाला वाटतं बॅलन्स गेला. गुडघ्यावर चढायच्या आधी एका हाताने लीश मागे बाहेर टाकायची सवय लावा, आठवडाभरात आपोआप होतं.

कमरेचा बेल्ट. विंग आणि डाऊनविंडवाल्यांमध्ये हा चांगलाच रुळलाय आणि त्याला कारणं आहेत: दोरी पाण्याच्या बरीच वर, पाय मोकळे, पाय बदलले तरी फरक पडत नाही, आणि क्विक रिलीज, म्हणजे ओढताच लीश सोडणारा टॅब, हाताशी. पण एक हिशोब लोक करत नाहीत. घोट्याला लीश असताना ती ताणली की तुमचं शरीर बोर्डपासून उलट्या दिशेला लांब होतं, डोकं घोट्यापासून अजून पाच फूट पुढे. कमरेला असेल तर डोकं त्या बांधलेल्या जागेपासून जेमतेम अडीच-तीन फुटांवर. म्हणजे तीच लीश पायावरून कमरेवर आणली तर फॉइल डोक्याच्या दोन-अडीच फूट जवळ आलं. म्हणून कमरेला बांधणार असाल तर लांबी वाढवा, वरच्या उदाहरणातल्या छोट्या बोर्डलाही ६ ऐवजी ८ फुटी कॉइल, आणि डाऊनविंडच्या लांब बोर्डला ८ ते १० फूट. कॉइल मिटलेली असते त्यामुळे लांबी वाढली तरी ओढ फारशी वाढत नाही. आणि हेल्मेट घाला. कमरेच्या लीशबरोबर तर घालाच.

विंगची लीश वेगळी, ती मनगटाला किंवा कमरेला, आणि ती बोर्डच्या लीशपेक्षाही जास्त महत्त्वाची आहे कारण सुटलेली विंग वाऱ्यावर इतकी जोरात जाते की पोहून गाठता येत नाही. दोन्ही लीश एकाच बेल्टला लावणार असाल तर विंगची पुढे किंवा बाजूला, बोर्डची मागे, आणि बोर्डचं क्विक रिलीज ओढल्यावर विंग सुटत नाही ना ते घरीच तपासा.

प्लग, स्ट्रिंग आणि गाठ

फॉइल बोर्डला लीश प्लग शेपटीला वरच्या बाजूला असतो, त्यातल्या छोट्या दांडीखालून स्ट्रिंगचा (लीश प्लगला जोडणाऱ्या बारीक दोरीचा) फास घाला, मग स्ट्रिंगची दुसरी टोकं त्याच फासातून ओढून घ्या, घट्ट झालं पाहिजे. स्ट्रिंग आखूड ठेवा. ती लांब राहिली तर ताण आल्यावर बारीक दोरी बोर्डच्या कडेवर येते आणि करवतीसारखी फायबर कापते, कडेवर लीशच्या टोकाला असलेला रेल सेव्हरचा रुंद पट्टा यायला हवा. ह्यात दोन मिनिटं जातात, पण कापलेली कड दुरुस्त करायला दिवस जातो. स्ट्रिंगची गाठ नीट डबल बांधा आणि पहिल्या सेशननंतर परत ओढून बघा, नवीन दोरी ओली होऊन बसली की गाठ सरकते.

आपल्या बोर्डला जुळवून घेताना

खरी गंमत इथे आहे, कारण तयार लीश तुमच्या बोर्डला, तुमच्या उंचीला, तुमच्या पाण्याला तंतोतंत बसेल असं क्वचितच होतं.

बोर्डला प्लगच नसेल तर? काही छोट्या पंप बोर्डांना नसतो. फूटस्ट्रॅपची भोकं असतील तर त्यातल्या एकात नायलॉन पट्ट्याचा लूप स्क्रू आणि वॉशरने बसवता येतो, बोर्डबरोबर आलेल्याच मापाचा आणि लांबीचा स्क्रू वापरा, जास्त लांब स्क्रू आत गेला तर इन्सर्ट (बोर्डमध्ये बसवलेली आट्यांची नळी) तळातून सुटतो आणि बोर्डमध्ये पाणी शिरतं. चिकटवायचे प्लगही मिळतात, ते गुळगुळीत जागेवर लावायचे, जागा आधी स्पिरिटने पुसायची, आणि चिकटवल्यावर सांगितलेला वेळ पूर्ण द्यायचा. डेकच्या (बोर्डच्या वरच्या बाजूच्या) फोम पॅडवर चिकटवू नका, पॅडच उपटून येईल. आणि कितीही सोपं वाटलं तरी खालच्या बाजूला, मास्टच्या बोल्टला किंवा ट्रॅकमध्ये लीश अडकवू नका, तिथून ती सरळ फॉइलवर जाते आणि प्रत्येक राईडला गुंता.

प्लग पुढे न्यायचा का? हा विचार करण्यासारखा आहे. शेपटीला बांधलं की शेपटी तुमच्याकडे येते, म्हणजे स्टॅबिलायझर तुमच्याकडे. काही बोर्डांना नाकाजवळ किंवा डेकवर पुढे प्लग असतो, तिथे बांधलं की ओढ आल्यावर नाक तुमच्याकडे वळतं आणि फॉइल लांबच्या बाजूला राहतं, शिवाय पोहत परतताना बोर्ड मागून सरळ ओढला जातो. तोटा असा की दोरी डेकवरून येते, पायाखाली येऊ शकते. म्हणून पुढचा प्लग कमरेच्या कॉइलबरोबरच वापरावा, पायाच्या सरळ लीशबरोबर नाही. मी डाऊनविंडला पुढे बांधतो, लाटांमध्ये मागे.

लीश लांब पडतेय? यूरेथेनला गाठ मारून आखूड करायचा मोह होतो. करू नका. गाठीपाशी ताण एका जागी गोळा होतो आणि तुटली तर तिथेच तुटते. त्यापेक्षा जास्तीचा भाग दुमडून त्याची एक लूप करा आणि ती पातळ वेल्क्रो पट्टीने किंवा मऊ रबरबँडने कफजवळ पकडून ठेवा. जोराचा झटका आला की पट्टी सुटली पाहिजे आणि लीश पूर्ण लांबीला आली पाहिजे, म्हणजे राईड करताना आखूड, पडताना लांब. ही साधी युक्ती मला सगळ्यात उपयोगी पडली आहे. फक्त पट्टी इतकी घट्ट नको की सुटणारच नाही, हाताने एका झटक्यात सुटते का ते बघा, आणि प्रत्येक पडल्यावर परत लूप करायला लागेल हे धरून चाला.

आखूड पडतेय तर दोन लीश एकमेकींना जोडू नका, प्रत्येक जोड म्हणजे तुटायची आणि अडकायची एक जागा. बदलून घ्या.

पायाची लीश कमरेला वापरायची असेल तर कफ तसाच बेल्टला गुंडाळणारे मी बघितलेत. तसं करू नका, वेल्क्रो बेल्टवर सरकतो आणि अडचणीच्या वेळी हाताला सापडत नाही. क्विक रिलीजचा बेल्ट वेगळा घ्या, त्याच्या रिंगला लीशचं टोक मजबूत लूपने जोडा, आणि रिलीज ओढल्यावर ती रिंग बेल्टवरून सळसळत निघून जाते का ते दहा वेळा बघा. मध्ये कुठे वळी, बकल किंवा वेटसूटची झिप आडवी येत असेल तर तिथेच सुधारा.

पाण्यात जायच्या आधी आणि पहिल्या दिवशी

जमिनीवर: लीश बांधा, बोर्ड उलटा ठेवा, हळूहळू मागे चालत जा, लीश हलकी ताणली की थांबा आणि मागे वळून फॉइलकडे बघा. मग त्याच जागी खाली बसा, कारण पाण्यात तुम्ही उभे नसता. हात पुढे केल्यावर फॉइलच्या टोकाला लागतो का? लागत असेल तर लीश आखूड आहे, माप काहीही सांगो.

मग रिलीज. डोळे मिटून, उजव्या हाताने, मग डाव्या हाताने, ग्लोव्ह घालत असाल तर ग्लोव्हसकट. कफचा खेचायचा टॅब कुठे आहे ते बोटांना कळलं पाहिजे. पायाची लीश असेल तर जमिनीवर पालथं झोपा, मित्राला लीश मागून ओढून धरायला सांगा आणि गुडघा वाकवून टॅब गाठायचा प्रयत्न करा. बऱ्याच जणांना तेव्हाच कळतं की मागून ताण असताना घोट्यापर्यंत हात पोचवणं किती अवघड आहे.

पाण्यात निदान छातीएवढी खोली हवी, मास्टच ७०-८० सेंटीमीटरचा असतो. मुद्दाम पडा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, बोर्डपासून लांब आणि सपाट, खाली सूर मारायचा नाही. पडल्यावर घाईने वर यायचं नाही. दोन्ही हात डोक्याभोवती, कोपरं पुढे, आणि पायाला किंवा कमरेला ओढ कुठून येतेय ते जाणवू द्या, त्या दिशेला बोर्ड आहे. मग वर या, त्या दिशेला तोंड करून. लीश ताणलेली असेल तर ती हाताने जोरात ओढू नका, बोर्ड उसळून येतो, आणि ती बोटांना कधीही गुंडाळू नका, पुढची लाट आली तर बोट जायबंदी होतं. हळूहळू पोहत बोर्डकडे जा आणि तो नाकाकडून किंवा कडेकडून पकडा.

परत चढायच्या आधी लीश एकदा उचलून बघा, मास्टला किंवा मागच्या पंखाला वेढा पडलाय का. उठल्यावर बोर्ड एका बाजूला ओढत असेल, थरथरत असेल, किंवा नेहमीचा वेग मिळत नसेल तर आधी फॉइलच्या सेटिंगला दोष देऊ नका, खाली उतरा आणि लीश बघा. मी एकदा अख्खा तास स्टॅबिलायझरचा शिम (कोन बदलणारी छोटी पाचर) बदलायचा विचार करत घालवला होता आणि लीशची एक वळी फ्युजलाजला अडकलेली निघाली.

लीश परत येते हा अनुभव लीशएवढाच जुना आहे. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात पॅट ओनील ह्याने सक्शन कपने बोर्डच्या नाकाला चिकटवलेली लीश स्पर्धेत आणली तेव्हा लोकांनी चेष्टा केली होती. तेव्हाच्या लीश सर्जिकल ट्यूबच्या, भरपूर ताणल्या जाणाऱ्या, आणि त्याच वर्षी त्याचे वडील जॅक ओनील, वेटसूटवाले, ह्यांचा डावा डोळा लीशने परत आणलेल्या बोर्डने गेला. आजचं यूरेथेन त्या ट्यूबपेक्षा कितीतरी कमी ताणतं, पण ताणतंच, आणि त्यांच्या बोर्डखाली फॉइल नव्हतं.

वाहतं पाणी असेल तर हा भाग नक्की वाचा

नदी, खाडीचं तोंड, भरती-ओहोटीचा जोरदार प्रवाह, जवळपास बोयी, खांब, नांगरलेल्या बोटी, अशा कुठल्याही जागी पायाची लीश नको. लीश एखाद्या खांबाच्या एका बाजूने आणि तुम्ही दुसऱ्या बाजूने गेलात की प्रवाह तुम्हाला खाली दाबून धरतो, आणि ताणलेल्या पायापर्यंत हात पोचत नाही. तिथे क्विक रिलीजचा कमरेचा बेल्टच, तोही बाहेरून, जॅकेटच्या वर, हाताला लगेच सापडेल असा. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये वेल्समधल्या हॅव्हरफर्डवेस्टला नदीच्या बंधाऱ्यावर पॅडलबोर्डवाल्या एका ग्रुपमधल्या ४ जणांचा जीव गेला, त्यानंतरच्या तपासात वापरलेल्या लीश त्या पाण्यासाठी योग्य नव्हत्या हाही मुद्दा पुढे आला. तिथे फॉइल नव्हतं, पण लीश आणि प्रवाह ह्यांचं गणित तेच. फॉइल असलं तर उलट पाण्याची पकड जास्त.

काळजी

सेशन झालं की गोड्या पाण्याने धुवा, स्विव्हल फिरवून त्यातली वाळू काढा, वेल्क्रोमधला कचरा काढा, आणि सावलीत लटकवून वाळवा. शेपटीभोवती घट्ट गुंडाळून गाडीत ठेवायची सवय असेल तर मोडा, तसे वळ लीशमध्ये कायमचे राहतात आणि उन्हाने यूरेथेन कडक होतं. रोज वापरत असाल तर वर्षभराने बदला, तुटायची वाट बघू नका.

आणि हे दर वेळी, पाण्यात जायच्या आधी, अर्ध्या मिनिटाचं काम: लीश बोटांमध्ये धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडी थोडी वाकवत जा. सरळ असताना न दिसणारी चीर वाकवल्यावर ओठांसारखी उघडते. विशेषतः प्लगकडचा पहिला हातभर भाग बघा, मागचा पंख तिथेच घासतो. नखाला अडेल एवढी जरी चीर लागली तर त्या दिवशी ती लीश बांधू नका.